आधी गळती शोधा : घरातल्या पाण्याचा हिशेब

ऑगस्टमध्ये गोदावरी चढते, दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी लागतं आणि आपण नाशिककर पूर बघायला रामकुंडाकडे निघतो. गंगापूर धरण भरत आल्याची बातमीही त्याच सुमारास येते. वर्षाची चिंता मिटली, असं मनाशी म्हणून आपण मोकळे होतो. पण हा साठा पुढच्या पावसाळ्यापर्यंत पुरवायचा असतो. शहराचं पिण्याचं पाणी, शेतीची आवर्तनं, कारखाने, सगळं त्यातूनच. शिवाय ऑक्टोबरच्या मध्याला जायकवाडीत ६५ टक्क्यांहून कमी पाणी असेल, तर नाशिक-अहिल्यानगरकडच्या धरणांतून खाली पाणी सोडायचं ठरलेलं आहे. म्हणून एप्रिल उजाडला की पाणीकपातीची चर्चा सुरू होते.

घरात पाणी वाचवायचं म्हटलं की आपण पहिल्यांदा आंघोळीची बादली अर्धी करतो. माझं म्हणणं असं की सुरुवात तिथून करू नये. कुणी वापरलंच नाही आणि तरीही वाहून गेलं, असं पाणी आधी शोधावं. त्यासाठी प्लंबर लागत नाही, एक खडू आणि एक रात्र पुरते.

आपला बंगला किंवा रो-हाउस असेल, तर रात्री झोपताना सगळे नळ बंद करा, मोटार बंद ठेवा आणि गच्चीवरच्या टाकीत पाणी कुठवर आहे ते काठीने मोजून काठीवर खडूने खूण करा. त्या रात्री फ्लश वापरू नका. सकाळी नळ उघडण्याआधी पुन्हा मोजा. टाकीचा व्यास एक मीटर असेल, तर पातळी एक सेंटिमीटर उतरणं म्हणजे जवळपास ८ लिटर पाणी जाणं. सात तासांत दहा सेंटिमीटर उतरली, तर ८० लिटर गेले. त्याच वेगाने दिवसभरात सुमारे २७० लिटर होतात. शहरांच्या पाणीयोजना आखताना माणशी दिवसाला १३५ लिटर धरतात, म्हणजे आपल्या घरात न दिसणारी दोन माणसं राहताहेत!

जमिनीखालच्या टाकीचीही अशीच परीक्षा घ्यावी, फक्त पाणी यायची वेळ टाळून. ही टाकी तडकलेली असेल, तर पाणी बाहेर जातं तसं बाहेरचं घाण पाणी आतही येऊ शकतं. त्यामुळे ही दुरुस्ती पुढे ढकलू नये.

टाकीच्या बाबतीत सगळ्यात जास्त चुकतं ते बॉलकॉकपाशी. बॉलकॉक म्हणजे पाण्यावर तरंगणारा गोळा जोडलेली तोटी. टाकी भरली की गोळा वर येतो आणि तोटी बंद होते. जमिनीखालच्या टाकीला तो बसवलेलाच नसतो, किंवा गोळ्यात पाणी शिरून तो बुडालेला असतो. मग पहाटे नळाला पाणी येतं, टाकी भरते आणि उरलेलं गटारात जात राहतं. आपण झोपेत असतो. गच्चीवरच्या टाकीचं दुखणं वेगळं. मोटार चालू करून आपण दुसऱ्या कामाला लागतो आणि भिंतीवरून धार लागली की शेजारी हाक मारतात. टाकी भरताच मोटार आपोआप बंद करणारं बटण मिळतं, ते बसवून घ्यावं.

फ्लॅटमध्ये टाकी सगळ्यांची असते, तिथे ही खूण एकट्याच्या कामाची नाही. तिथे थेट संडासाच्या फ्लशकडे वळावं, आणि बंगल्यात राहणाऱ्यांनीही तेच करावं, कारण माझ्या मते घरातला सगळ्यात मोठा चोर तिथेच बसलेला असतो.

फ्लशच्या टाकीत दोन गोष्टी बघायच्या. तळाशी एक रबरी झडप असते. बटण दाबलं की ती उचलली जाते, पाणी सुटतं आणि ती परत बसते. रबर कडक झालं किंवा बोअरच्या पाण्याचे क्षार तिच्या कडेला साचले की ती नीट बसत नाही आणि पाणी भांड्याच्या कडेने झिरपत राहतं. आवाज नाही, ओल नाही, म्हणून महिनोन्‌महिने कळत नाही. टाकीत खाण्याचा रंग थोडा टाका आणि अर्धा तास फ्लश करू नका. भांड्यात रंग उतरला, तर झडप गळते आहे. आधी क्षार घासून काढा. तरीही रंग उतरला, तर झडप बदला.

दुसरी गोष्ट म्हणजे आतली उभी नळी. जास्तीचं पाणी तिच्यातून भांड्यात जातं. टाकीतलं पाणी तिच्या तोंडाच्या दोन-तीन सेंटिमीटर खाली थांबायला हवं. तोंडापर्यंत येत असेल, तर तरंगता गोळा खाली घ्यावा लागतो. बरेच लोक झडप बदलतात आणि इथे बघतच नाहीत. मग गळती तशीच राहते आणि दोष नव्या झडपेला मिळतो.

जुनी, दहा लिटरची टाकी असेल, तर पाण्याने भरलेली एक लिटरची बाटली तिच्यात ठेवावी. चार माणसांच्या घरात दिवसाला वीस वेळा फ्लश झाला, तर वीस लिटर वाचतात. वीट मात्र ठेवू नये. ती झिजते आणि तिचा चुरा झडपेत अडकतो.

थेंब थेंब गळणाऱ्या नळाखाली तासभर भांडं ठेवा आणि जमलेलं पाणी मोजून २४ ने गुणा. सेकंदाला एक थेंब म्हणजे दिवसाला ८६,४०० थेंब, सुमारे वीस लिटर. बहुतेक वेळा वॉशर बदलला की काम होतं. चावी जोरात पिळून गळती थांबवायला जाऊ नये, वॉशर आणखी लवकर फाटतो.

आता आरओ. हे यंत्र पाण्यातले क्षार वेगळे करतं आणि एक लिटर पिण्याच्या पाण्यामागे साधारण तीन लिटर सोडून देतं. ती नळी सिंकमध्ये न सोडता बादलीत सोडा. ते पाणी फरशी पुसायला, संडास धुवायला चालतं. कुंड्यांना रोज घालू नका, त्यात क्षार जास्त असतात. आरओ घेण्याआधी पाणी तपासून घ्यावं हे बरं. लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपेक्षा कमी क्षार असतील, तर आरओची गरजच नाही. अशा ठिकाणी त्याच्या वापरावर बंदी घालावी, असं राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्ये केंद्र सरकारला सांगितलं होतं.

एका सवयीबद्दल कळकळीने सांगतो. सकाळी नळ आला की कालचं हंडा-कळशीतलं पाणी शिळं म्हणून ओतून द्यायचं, हे अजून कित्येक घरांत चालतं. झाकून ठेवलेलं स्वच्छ पाणी एका रात्रीत शिळं होत नाही. डास होऊ नयेत म्हणून आठवड्यातून एकदा भांडी कोरडी करायलाच हवीत, पण त्या दिवशीचं पाणी फरशीला किंवा तुळशीला जाऊ द्या.

आंघोळ, दाढी, भांडी यांबद्दल आपल्याला ठाऊकच आहे. एवढंच सांगतो, की गिझरचं गरम पाणी येईपर्यंत जे गार वाहतं, त्याखाली बादली ठेवावी.

हे सगळं एका दिवसात करायची गरज नाही. आज रात्री फक्त टाकीचं पाणी मोजा, किंवा फ्लशमध्ये रंग टाका.