खारे पाणी आणि जिवाणू खत

भाताची कापणी उरकली की ठाणे व कल्याण तालुक्यांतील शेतकरी खाचरातील उरलेल्या ओलीवर वाल पेरतात. त्या बियाण्यास रायझोबियमचे जिवाणू खत चोळणे हितावह असते. तथापि ‘पाकीट आणले, पण गुण आला नाही’ अशी तक्रार पुष्कळदा कानी येते. अशा वेळी खत कोणत्या पाण्यात कालविले, हे प्रथम पाहावे, असे आम्ही सुचवितो.

द्विदल पिकांच्या मुळांवरील गाठींतले जंतू हवेतील नत्र पिकास मिळवून देतात, हे जर्मनीत हेलरीगेल व विलफार्थ यांनी १८८६ ते १८८८ या काळात दाखवून दिले. पाकिटात हेच जंतू जिवंत असतात. जंतूच्या अंगावरील पातळ पापुद्र्यातून पाणी सहज ये-जा करते, मीठ मात्र सहज जात नाही. कैरीच्या फोडींस मीठ लावले असता त्यांस पाणी सुटते, हे घरोघरी ठाऊक आहे. जंतूचेही तसेच होते. बाहेर मीठ अधिक झाले की त्याच्या अंगचे पाणी ओढले जाते. हळूहळू मीठ वाढल्यास तो आत काही द्रव्ये साठवून तोल सांभाळतो. एकदम खाऱ्या पाण्यात पडल्यास त्यास तेवढा अवधीच मिळत नाही.

समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात, आणि उल्हास नदीत भरती कल्याणपर्यंत चढते. म्हणून खाडीचे किंवा मचूळ विहिरीचे पाणी या कामी कधीही घेऊ नये.

आंबटपणाही तसाच घातक आहे. सुपरफॉस्फेट आम्लधर्मी असल्यामुळे ते जिवाणू खतात मिसळू नये. बुरशीनाशक लावावयाचे असल्यास ते आधी लावावे व जिवाणू खत सर्वांच्या शेवटी.

गोड्या पाण्यात थोडा गूळ उकळून ते पूर्ण निवू द्यावे. गुळाने खत बियाण्यास चिकटते व सुकताना जंतूंचे रक्षणही होते. १० किलो बियाण्यास २५० ग्रॅम खत हलक्या हाताने चोळावे, बी सावलीत सुकवावे व त्याच दिवशी पेरावे.

पेरणीनंतर महिन्याभराने एक-दोन रोपे अलगद उपटून मुळांवरील गाठी चिरून पाहाव्यात. आतून गुलाबी दिसल्यास जंतू कामास लागले असे समजावे. मात्र खारजमिनीत बांध व उघाडी दुरुस्त ठेवून भरतीचे पाणी बाहेर राखले नाही, तर बियाण्यावर जगविलेले जंतू पुढे मातीतील मिठाने मरतील, हे विसरू नये.