आतून उघडणारं दार

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

माझी थोरली बहीण कंधारला आमच्याकडे मुक्कामाला आली, की तिच्या खोलीतला दिवा रात्रभर जळत असतो. घरातली पोरं पूर्वी विचारायची, "फुफू, लाइट बंद करू का?" आता कुणी विचारत नाही. आपाला अंधार चालत नाही, हे सगळ्यांना माहीत आहे.

३० सप्टेंबर १९९३ची पहाट मराठवाड्यातल्या माणसाला समजावून सांगावी लागत नाही. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती बोळवून गावं झोपली होती आणि पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हलली. आपाला किल्लारीच्या बाजूच्या एका खेड्यात दिलेलं होतं. दगडमातीच्या जाड भिंती आणि वर मातीचं जड माळवद. उन्हाळ्यात गार राहणारं तेच घर त्या पहाटे अंगावर आलं. लातूर-उस्मानाबादकडची जवळपास दहा हजार माणसं त्या भूकंपात गेली. आपा दुपारपर्यंत ढिगाऱ्याखाली होती. हात हलत नव्हता. डोळे उघडले काय आणि मिटले काय, सारखंच. शेजारी सासूबाई होत्या. काही वेळ त्यांचा आवाज येत होता, मग तोही थांबला. गावकऱ्यांनी हातांनी दगड उपसून आपाला बाहेर काढलं.

हे आज आठवायचं कारण मात्र वेगळंच आहे. गेल्या वर्षी माझ्या मुलानं चक्क पैसे मोजून मला एक तास काळोखात झोपवलं!

मुलगा बंगळुरूला संगणकाच्या कंपनीत आहे. माझी झोप उडाली आहे, हे त्याच्या आईनं फोनवर त्याला सांगितलेलं. मी गेलो तर म्हणाला, "अब्बा, इथं फ्लोट टँक म्हणून एक प्रकार आहे. तुम्ही करून बघाच." एका तासाचा दर ऐकून मी गप्पच झालो. आमच्याकडच्या शेतमजुराची आठवड्याची मजुरी त्यात निघाली असती. पण पैसे आधीच भरलेले होते.

फ्लोट टँक म्हणजे तरंगण्याची टाकी. एखाद्या मोठ्या पेटीसारखी, माणूस आडवा होईल एवढी. आत पाणी जेमतेम वीतभर, पण त्यात चारशे-पाचशे किलो मीठ विरघळवलेलं असतं. हे जेवणातलं मीठ नव्हे. त्याला इप्सम मीठ म्हणतात. इंग्लंडातल्या इप्सम गावच्या झऱ्यावरून हे नाव पडलं. आपल्या शेतकऱ्याला ते चांगलं ओळखीचं आहे. कपाशीवर लाल्या आला की फवारतात ते मॅग्नेशियम सल्फेट, तेच हे. एवढ्या मिठानं पाणी इतकं जड होतं, की पोहता न येणारा माणूसही त्यावर आपोआप तरंगतो. मृत समुद्रात माणसं पाण्यावर पडून वर्तमानपत्र वाचतात, तशी छायाचित्रं आपण पाहिलेली असतात. कारण तेच. पाण्याचं तापमान ३४-३५ अंश, म्हणजे आपल्या कातडीइतकं ठेवलेलं असतं. त्यामुळे काही वेळानं पाणी कुठं संपलं आणि अंग कुठं सुरू झालं, ते कळेनासं होतं. दार लावलं की उजेड नाही, आवाज नाही. डोळे, कान, त्वचा आणि शरीराचा भार, या सगळ्यांकडून मेंदूला जाणाऱ्या बातम्या जवळजवळ बंद होतात. एका गिऱ्हाइकानंतर तेच पाणी गाळून, शुद्ध करून पुन्हा वापरतात, असं तिथल्या मुलीनं सांगितलं, तेव्हा मला बरं वाटलं. २०१६ साली लातूरला रेल्वेनं पाणी आलेलं पाहिलेला माणूस आहे मी. झोपण्यासाठी रोज टाकीभर पाणी ओतून देतात असं ऐकलं असतं, तर मी आल्या पावली परत गेलो असतो.

मी टाकीत उतरलो. नखाशेजारी एक चीर होती, ती मिठानं चुरचुरली. पहिली दहा मिनिटं मान काही सैल सोडवेना. मग लहानपणीची विहीर आठवली. पाठीला सुका भोपळा बांधून अब्बा आम्हाला पोहायला शिकवायचे आणि वरून ओरडायचे, "अंग सोड, अंग सोड! पाणी धरतंय तुला." मी मान सोडली आणि खरंच पाण्यानं ती धरली. मग छातीतले ठोके ऐकू येऊ लागले. पापणी मिटल्याचाही आवाज येतो, हे मला पन्नाशी उलटल्यावर कळलं.

आणि मग एकाएकी आपा आठवली. हा अंधार तोच, ही शांतता तीच. छातीवर दगड आहे असं वाटलं. श्वास अडकला. हात आपसूक दाराकडे गेला, आणि दार एका बोटानं उघडलं. बाहेर मंद दिवा होता, खुंटीवर माझा सदरा लटकत होता. मी थोडा वेळ त्या सदऱ्याकडे पाहिलं आणि दार पुन्हा ओढून घेतलं, पण बोटभर फट ठेवून. त्यानंतरचा वेळ कसा गेला ते सांगता येत नाही. संगीत सुरू झालं, म्हणजे तास संपला, तेव्हा मला वाटलं होतं पंधराएक मिनिटं झाली असतील. कवी माणूस असल्यामुळे आत एखादी ओळ तरी सुचेल अशी आशा होती. सुचली नाही. पण त्या रात्री झोप लागली.

बाहेर चहा देतात. तिथं इतर गिऱ्हाइकांशी बोलणं झालं. एक मुलगी तिसऱ्यांदा आली होती. पहिल्या वेळी ती घाबरून लगेच बाहेर पडली होती. फौजेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ पाठदुखीनं बेजार होते. ते म्हणाले, "कित्येक वर्षांनी पाठीवर माझाच भार नव्हता." एका तरुणानं खांदे उडवले, "काही नाही झालं. कंटाळा आला." टाकी एकच, मीठ तेच, पण प्रत्येकाचा तास निराळा. जो तो आपापलं मन आत घेऊन जातो, त्याला पाणी काय करणार?

घरी आल्यावर मी या विषयावर मिळेल ते वाचलं. १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला कॅनडातल्या मॉन्ट्रियल शहरात, मॅकगिल विद्यापीठात डोनाल्ड हेब या मानसशास्त्रज्ञानं एक प्रयोग केला. विद्यार्थ्यांना रोज वीस डॉलर देऊन नुसतं पडून राहायला सांगितलं. डोळ्यांवर धूसर चष्मा, हातात मोजे, मनगटांना पुठ्ठ्याच्या नळ्या, कानांत यंत्राची एकसुरी घरघर. खाणं वेळेवर. काम काहीच नाही. आपल्याला वाटेल, काय मजा आहे! पण बहुतेकांना ते दोन-तीन दिवसांपलीकडे सोसलं नाही. काहींना नसलेल्या गोष्टी दिसू लागल्या. एकाला म्हणे खांद्यावर पोती घेतलेल्या खारींची मिरवणूक दिसली. जात्यातले दाणे संपले आणि आपण फिरवतच राहिलो, की दगडावर दगड घासायला लागतो. मेंदूचं तसंच काहीसं होत असावं. बाहेरून दाणे येणं थांबलं, की तो आतलंच दळायला घेतो.

त्याच सुमारास, १९५४ साली, अमेरिकेतल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेत जॉन लिली या शास्त्रज्ञानं पाण्याची पहिली टाकी केली. सगळ्या संवेदना थांबवल्या तर मेंदू झोपी जाईल का, हा तेव्हा वादाचा प्रश्न होता. लिली श्वासाचा मुखवटा चढवून स्वतःच पाण्यात उतरले. मेंदू झोपला नाही. तो जागाच राहिला आणि शरीराला मात्र विसावा मिळाला. पुढं लिली टाकीत उतरताना नशेची द्रव्यंही घेऊ लागले आणि त्यांच्या गोष्टी विज्ञानापासून फार दूर गेल्या. पण टाकी राहिली. १९७०च्या दशकात अमेरिकेत ती विकायला आली, तेव्हा कंपनीनं नाव काय घ्यावं? 'समाधी'!

आता मुद्द्याची गोष्ट. याच अंधाराचा आणि एकसुरी आवाजाचा वापर माणसं मोडण्यासाठीही झाला आहे. १९७१ साली उत्तर आयर्लंडमध्ये ब्रिटिशांनी काही कैद्यांच्या डोक्यावर टोप्या ओढून, कानांवर अखंड घरघर सोडून, उपाशी, झोपेविना भिंतीशी उभं ठेवलं. १९७८ साली युरोपच्या मानवी हक्क न्यायालयानं ही वागणूक अमानुष आणि अपमानास्पद ठरवली. ज्यासाठी बंगळुरूत पैसे मोजतात, जवळपास तेच कैद्याला शिक्षा म्हणून दिलं. मग फरक कशात आहे? वेळेचा आणि छळाचा फरक तर आहेच. पण मला वाटतं, मोठा फरक दाराचा आहे. टाकीचं दार आतून उघडतं.

आपल्याकडे एकांताची परंपरा जुनी आहे. रमजानच्या शेवटच्या दहा दिवसांत अब्बा मशिदीच्या कोपऱ्यात चादरीचा पडदा लावून एतेकाफला बसायचे. ईदचा चाँद दिसला की पडदा निघायचा. सूफींमध्ये चाळीस दिवसांचा चिल्ला असतो. कंधारला हाजी सय्याह यांच्या दर्ग्याच्या सावलीत वाढलेल्या आमच्यासारख्यांच्या कानांवर हा शब्द लहानपणापासून आहे. इगतपुरीला धम्मगिरीवर १९७६ पासून सत्यनारायण गोयंका यांनी सुरू केलेली विपश्यनेची शिबिरं चालतात. दहा दिवस मौन असतं, आणि पॅगोडात एकट्यानं बसण्याच्या चिमुकल्या खोल्या आहेत. त्यांना शून्यागार म्हणतात. हे सगळे एकांत कडक आहेत. पण माणूस आपल्या पायांनी आत जातो, आणि कोणत्या दिवशी बाहेर यायचं ते त्याला ठाऊक असतं. मांडी घालून बसलेल्याला आणि मांडीवर दगड पडलेल्याला, दोघांनाही हलता येत नाही. म्हणून ते दोघं सारखे होत नाहीत.

डॉक्टरांनाही हे उमगलेलं दिसतं. अमेरिकेत टल्सा शहरातल्या संशोधकांनी २०१८ साली चिंता आणि नैराश्याचा त्रास असलेल्या पन्नास जणांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध केला. तासभर तरंगल्यावर त्यांची चिंता बरीच उतरली होती. मात्र तो परिणाम त्या वेळेपुरता मोजलेला होता, आणि तुलनेसाठी न तरंगलेल्या रुग्णांचा दुसरा गट नव्हता. म्हणून त्याला रामबाण म्हणू नये. मला त्यातली एक गोष्ट महत्त्वाची वाटली. तिथं बंद पेटी नव्हती, उघडा गोल हौद होता, आणि हवं तेव्हा बाहेर येण्याची प्रत्येकाला मुभा होती.

तेव्हा तुमची मुलं पुण्या-मुंबईत किंवा परदेशात अशा ठिकाणी तुम्हाला घेऊन गेली, तर जरूर जा. अंगावर जखम असेल, फेफरं येत असेल, रक्तदाबाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. चालू औषध सोडू नका. त्याच दिवशी दाढी करून जाऊ नका, मीठ झोंबेल. आणि आत जाण्याआधी दार स्वतःच्या हातानं एकदा उघडून पाहा.

कंधारला परतल्यावर मी हे सगळं आपाला सांगावं की नाही, या विचारात होतो. तिला राग येईल असं वाटलं. शेवटी सांगितलं. तिनं तांदूळ निवडता निवडता ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "दरवाजा अंदरसे खुलता था ना?"

म्हटलं, "हो."

"फिर वो अंधारा नहीं रे," ती म्हणाली आणि पुन्हा तांदूळ निवडू लागली.

दुसऱ्या दिवशी मी वायरमनला बोलावून तिच्या खोलीतलं दाराजवळचं बटण काढलं आणि तिच्या उशाशी बसवलं. पडल्या पडल्या हात पोचेल असं. आता रात्री मी उठलो, तर तिच्या दाराखालून कधी उजेड दिसतो, कधी दिसत नाही.