औषध म्हणू नका, विष म्हणा

आमच्या भागात पिकावर विष मारले तरी त्याला 'औषध'च म्हणतात. "दाजी औषध मारायला गेलेत," असे घरातली बाई सहज सांगते. महाळुंगे पडवळ हे हुतात्मा बाबू गेनूंचे गाव. येथून मंचर-नारायणगावपर्यंत बटाटा, कांदा, टोमॅटो पिकतो आणि पाठीवर पंप घेऊन फवारणारा बहुधा मजूरच असतो. संध्याकाळी डोके दुखते, मळमळते, घाम सुटतो. घरचे म्हणतात, ऊन लागले असेल.

2017 च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात ऊन लागले नव्हते. कपाशीवर फवारणी करणारे आठशेच्या वर शेतकरी-शेतमजूर दवाखान्यात दाखल झाले आणि विसाहून अधिक दगावले. तोंडाला फडके आणि अंगात साधा सदरा, एवढेच बहुतेकांचे संरक्षण होते. हे विष श्वासातून जाते तसे कातडीतूनही जाते, हे त्यांना कोणी सांगितले होते?

मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस ही ऑर्गॅनोफॉस्फेट जातीची विषे. एका मज्जातंतूचा निरोप पुढे पोचला की तो पुसून टाकणारे कोलिनेस्टरेज नावाचे द्रव्य शरीरात असते. विष त्यालाच जखडते. मग निरोप थांबतच नाही. लाळ गळते, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, छातीत पाणी भरल्यासारखे होऊन दम कोंडतो. रक्तातले कोलिनेस्टरेज मोजले की विषबाधा कळते. यवतमाळला तेव्हा नेमकी ही तपासणी करण्याची सोय नव्हती! ॲट्रोपिन हा उतारा जुना आहे, पण डॉक्टरला विष कोणते ते कळले पाहिजे. म्हणून रोग्याबरोबर बाटली किंवा तिचे लेबल न्यावे. लेबलावरचा लाल त्रिकोण म्हणजे सर्वांत जहाल, त्याखालोखाल पिवळा, मग निळा आणि शेवटी हिरवा. अक्षर न वाचणाऱ्यालाही रंग ओळखता येतो. अंगावरचे कपडे आधी काढावेत आणि अंग साबणाने धुवावे.

माणूस दगावलाच तर शवविच्छेदनात जठर, यकृत, मूत्रपिंड यांचे भाग मिठाच्या दाट पाण्यात ठेवून, मोहोरबंद करून न्यायसहायक प्रयोगशाळेकडे पाठवतात. त्यालाच व्हिसेरा म्हणतात. पुणे भागाची प्रयोगशाळा गणेशखिंडीत आहे. तेथील रसायनज्ञ विष कोणते ते सांगतो. ते पोटात कसे गेले, हे सांगत नाही. शिवाय 'विष आढळले नाही' म्हणजे विष नव्हतेच, असेही नाही. 1956 साली पुण्याच्या लक्ष्मीबाई कर्वे मुंबईच्या इस्पितळात वारल्या. व्हिसेऱ्यात विष सापडले नाही, तरी परिस्थितीच्या पुराव्यावर डॉ. अनंत लागू दोषी ठरले आणि सर्वोच्च न्यायालयाने ती शिक्षा कायम केली.

आमच्या दृष्टीने कळीचा मुद्दा येथेच आहे. फवारताना विषबाधा झाली तर तो अपघात, पिऊन घेतले तर आत्महत्या. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेत अपघाती मृत्यूला 2 लाख रुपये मिळतात, आत्महत्येला काही नाही. म्हणून पंप, रिकामी बाटली, भिजलेला सदरा आणि कोणाच्या शेतात काम चालले होते, हे सारे पंचनाम्यात आलेच पाहिजे. घरची माणसे रडत बसलेली असतात, तेव्हा शेजाऱ्याने उभे राहून ते लिहून घ्यावे.

आणि मजुराचे काय? ही योजना सातबाऱ्यावर नाव असलेल्या खातेदारासाठी व त्याच्या घरातील एका व्यक्तीसाठी आहे. ज्याच्या नावावर गुंठाही नाही, त्याच्या पाठीवर पंप आहे, पण योजनेत त्याचे नाव नाही.