किनाऱ्यावरची एक संध्याकाळ

मार्चमधल्या एका रविवारी आम्ही सहकुटुंब बाणकोटला मामूंकडे गेलो होतो. असरनंतर जवळच्या वेळासच्या किनाऱ्यावर पोहोचलो. ऊन उतरले तसे पाणी आधी चंदेरी, मग केशरी आणि शेवटी जांभळे झाले. हिवाळ्यात आलेले कुरव पक्षी अजून परतले नव्हते. ते लाटांच्या कडेने भक्ष्य टिपत होते. आमची चाहूल लागताच खेकडे बिळात गडप होत.

वेळासला २००२ पासून ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी राखली जातात. मादी शंभरएक अंडी वाळूत पुरून समुद्रात निघून जाते. साधारण ५० दिवसांनी पिल्ले बाहेर येतात. वाट दाखवायला आई नसते. अंधारात समुद्राकडची बाजू जमिनीपेक्षा उजळ दिसते, तिकडे ती चालू लागतात.

त्या संध्याकाळी पिल्ले सोडली, तेव्हा आमच्या मुलाने फोटोसाठी मोबाईलची बत्ती लावली. एक पिल्लू लगेच उलटे वळले. मुलगा ओशाळला. खरे तर चूक आमची होती. वर्गात रोज शिकवणारे आम्ही, त्याला आधी सांगायचेच विसरलो होतो. बत्ती विझली. पिल्लू घुटमळले, पुन्हा वळले आणि एका लाटेने त्याला उचलून नेले.

आपणही मुलांना घेऊन जरूर जा. कॅमेऱ्याचा फ्लॅश मात्र बंद ठेवा. किनाऱ्यालगत घर असेल, तर या दिवसांत समुद्राकडचा दिवा रात्री मालवा. तेवढ्याने एखादे पिल्लू वाट चुकायचे वाचेल.