ए बाटली, बी बाटली

डोप टेस्ट खेळाडूला पहिल्यापासूनच अवघडून टाकते. सामना संपला, घामही वाळला नाही, तोच एक माणूस येऊन सही घेतो आणि नमुना मिळेपर्यंत त्याची पाठ सोडत नाही. लघवी त्याच्या डोळ्यांदेखत करायची, बनियन छातीपर्यंत वर आणि चड्डी गुडघ्यापर्यंत खाली ओढून. किमान 90 मिलिलिटर हवेत. अंगातलं पाणी आटलेलं असतं, म्हणून ढसाढसा पाणी प्यावं, तर नमुना पातळ निघतो आणि पुन्हा ताटकळत बसावं लागतं.

सीलबंद खोका खेळाडूनेच निवडायचा. आत एकाच क्रमांकाच्या दोन काचेच्या बाटल्या. ए बाटलीत 60 मिलिलिटर, बी बाटलीत 30. झाकण एकाच दिशेने फिरतं, बसलं की फोडल्याशिवाय निघत नाही. प्रयोगशाळेला नाव कळत नाही, फक्त क्रमांक. ए दोषी निघाली तर खेळाडू बी उघडायला सांगू शकतो, तेव्हा स्वतः हजरही राहू शकतो. इतकी चोख व्यवस्था आपल्याकडे जमिनीच्या मोजणीलाही नसते.

फॉर्मवर मात्र एक साधा प्रश्न असतो: गेल्या सात दिवसांत कोणती औषधं घेतली? वऱ्हाडातलं पोरगं अडकतं ते इथे.

वऱ्हाडातलंच नांदगाव पेठ घ्या, अमरावती-नागपूर रस्त्यावरचं गाव. एमआयडीसीतले कापड कारखाने, वीज प्रकल्प, रस्त्याला ट्रकांची रीघ. जवळच अमरावतीत 1914 पासूनचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ आहे. त्याच्या चमूने 1936 साली बर्लिनला ऑलिंपिकच्या वेळी देशी खेळांची प्रात्यक्षिकं करून दाखवली होती. शरीर कमावण्याची हौस या मुलखाला कोणी शिकवायला नको. पण खोकला झाला की इथलं पोरगं डॉक्टरकडे कशाला जाईल? ते मेडिकलवाल्याला म्हणतं, "भाऊ, लय खोकला येऊन राह्यला, एखांदी बाटली द्या ना." भाऊ देतात. अशा कैक बाटल्यांत टर्ब्युटालिन असतं. श्वासनलिका मोकळी करणारं हे औषध बंदीच्या यादीत आहे.

क्रिकेटपटू पृथ्वी शॉ याच औषधाने अडकला. फेब्रुवारी 2019 मध्ये इंदूरला सय्यद मुश्ताक अली स्पर्धेत त्याचा नमुना घेतला गेला. खोकल्याचं औषध घेतल्याचं त्याचं स्पष्टीकरण क्रिकेट मंडळाने मान्य केलं, तरी आठ महिन्यांची बंदी चुकली नाही. त्याच दिवशी जाहीर झालेल्या कारवाईत विदर्भाचाही एक खेळाडू होता. नियम साधा आहे: अंगात सापडलं की जबाबदार तू, हेतू असो वा नसो. हेतूवरून शिक्षा कमीजास्त होते, इतकंच.

अमेरिकेतल्या बेसबॉलचं घोडंही दुकानातल्या मालापाशीच अडलं होतं. 1998 साली मार्क मॅग्वायरने 70 होमरन ठोकले, तेव्हा त्याच्या कपाटात अँड्रोस्टेनडायोनची बाटली दिसली. ते तेव्हा दुकानात उघड मिळायचं आणि बेसबॉलमध्ये त्यावर बंदीही नव्हती. 2003 मध्ये निनावी चाचण्या झाल्या. पाच टक्क्यांहून जास्त नमुने दोषी निघाले, तेव्हा कुठे 2004 पासून शिक्षेसकट चाचणी आली. आज पहिल्या गुन्ह्याला 80 सामने, दुसऱ्याला 162, तिसऱ्याला कायमची बंदी. हे आकडे मालक आणि खेळाडूंची संघटना यांनी समोरासमोर बसून ठरवलेत. संघटनेने वर्षानुवर्षं चाचणी टाळली, हा तिच्यावरचा डाग खराच. पण खेळाडूला बोलायला जागा होती.

आपल्याकडे ही जागा रिकामी आहे. नाडा ही राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्था 2005 साली स्थापन झाली, 2022 मध्ये संसदेने कायदाही केला; ती जागा मात्र भरली नाही. क्रिकेट मंडळ नाडाच्या कक्षेत यायला तयार झालं ते ऑगस्ट 2019 मध्ये. आणि त्याच महिन्यात वाडा या जागतिक संस्थेने दिल्लीच्या प्रयोगशाळेची मान्यता निलंबित केली! नमुने दोहाला धाडावे लागले.

नियम ढिला करा, असं मी म्हणणार नाही. तीनदा महाराष्ट्र केसरी झालेल्या नरसिंग यादवने, आपल्या खाण्यात कोणी तरी औषध मिसळलं, असं सांगितलं. नाडाच्या समितीने ते मानलं आणि तो रिओ ऑलिंपिकला गेला. 18 ऑगस्ट 2016 ला, कुस्तीच्या आदल्या दिवशी, क्रीडा लवादाने त्याला चार वर्षांसाठी बाहेर काढलं. दावा सिद्ध होईना. ज्याच्या त्याच्या सांगण्यावर सोडायचं ठरवलं, तर चाचणीला अर्थ काय?

पण 2022 मध्ये भारतात तपासलेल्या 3,865 नमुन्यांपैकी 125 दोषी निघाले, म्हणजे 3.2 टक्के. दोन हजारांहून जास्त चाचण्या करणाऱ्या देशांत हे प्रमाण सर्वाधिक होतं. ते सगळे लबाड होते, असं मला वाटत नाही. सगळे भोळे होते, असंही नाही. नाडाने औषध तपासायची सोय मोबाइलवर दिली आहे, पण औषधातल्या घटकांची नावं इंग्रजीत, बाटलीवर मुंगीएवढ्या अक्षरांत. जिममधल्या प्रोटीन पावडरच्या डब्यावर तर जे छापलंय तेवढंच आत असेल, याचीही खात्री नाही. तालुक्याच्या मैदानावरच्या प्रशिक्षकाकडे यादी नसते, आणि पोलीस भरतीसाठी पहाटे धावणाऱ्या पोराचा तर नाडाशी काही संबंधच येत नाही. त्याला इंजेक्शनचा सल्ला जिममधलाच कोणी दादा देतो, आणि त्या दादाच्या हातात कोणी बाटली देत नाही.