पाचव्या भावंडाचं गणित

१९५८ साली ‘लॅन्सेट’मध्ये नागपूरच्या डॉ. शुक्ला आणि डॉ. सोळंकी यांचं टिपण छापून आलं: मध्य भारतातल्या लोकांच्या रक्तात सिकल सेल आढळतो. त्याच वर्षी पॅरिसमध्ये जाँ दोसे या डॉक्टरला पांढऱ्या पेशींवर एक खूण सापडली. काही माणसांत ती असते, काहींत नसते. इकडे विदर्भाचं जुनं दुखणं कागदावर आलं आणि तिकडे त्याच्यावरच्या उपायाचा पहिला धागा हाती लागला. एकाच वर्षी!

सिकल सेलमागची चूक केवढीशी आहे बघा. हिमोग्लोबिनच्या एका जनुकात एक अक्षर बदलतं. फक्त एक. तेवढ्यानं तांबडी पेशी ऑक्सिजन सोडला की विळ्यासारखी वाकते, बारीक रक्तवाहिन्यांत अडकते आणि लेकरू अंग दुखतं म्हणून रात्रभर विव्हळतं. फाळणीनंतर नागपूरच्या जरीपटक्यात वसलेल्या सिंधी कुटुंबांत दिसणारा थॅलेसेमियाही बहुतेक वेळा याच जनुकातल्या बिघाडामुळे होतो. रक्त तयार होतं हाडांच्या आत, बोन मॅरोमध्ये. मग बोन मॅरोच बदलला तर?

बदलता येतो. पण तो कुणाचा चालेल, या प्रश्नाच्या पोटात निसर्गाची एक विलक्षण गोष्ट दडली आहे.

कळमना बाजारात संत्र्यांच्या ढिगातली दोन-चार फळं वर काढून दाखवतात, म्हणजे आत काय माल आहे ते कळतं. आपली जवळजवळ प्रत्येक पेशी हेच करते. आतल्या प्रथिनांचे बारीक तुकडे ती बाहेर मांडून ठेवते आणि ज्या रेणूंवर ते मांडते त्यांना एचएलए म्हणतात. गस्तीवरच्या पांढऱ्या पेशी येता-जाता तपासत राहतात. तुकडा विषाणूचा निघाला, तर ती पेशी मारली जाते. आणि तुकडा धरणारा रेणूच अनोळखी वाटला तर? तरीही हल्लाच.

दोसेंना सापडलेली खूण या एचएलएचीच होती, त्याबद्दल त्यांना १९८० चं नोबेल मिळालं. माणसाच्या सगळ्या जनुकांत इतकी विविधता दुसऱ्या कशातच नाही. आजवर या जनुकांचे ४०,००० हून जास्त प्रकार नोंदले गेले आहेत. जंतूंशी लाखो वर्षं झुंजताना हे घडलं. सगळ्यांची मांडणी सारखी असती, तर एकच चलाख विषाणू सगळ्यांना चकवून गेला असता. ज्या वैविध्यानं माणूसजात तगली, तेच वैविध्य आज परक्या माणसाचा मॅरो घेताना आडवं येतं.

भावंडाकडे वळायचं ते याचसाठी. एचएलएची जनुकं सहाव्या गुणसूत्रावर इतकी जवळजवळ बसलेली असतात की सगळा गठ्ठा एकत्रच पुढच्या पिढीत जातो. बापाकडे दोन गठ्ठे, आईकडे दोन. मुलाला प्रत्येकाकडून एकेक मिळतो. म्हणजे जोड्या होणार फक्त चार. म्हणूनच जन्मदाती आई सहसा अर्धीच जुळते, बापही अर्धाच. पूर्ण जुळण्याची शक्यता असते ती भावाशी, बहिणीशी, चारात एक. आणि कुणाला पाच मुलं असतील तर? जोड्या चारच, म्हणून त्यांतली किमान दोघं एकमेकांशी पूर्ण जुळणारच! क्वचित गठ्ठ्यांमध्ये तुकड्यांची अदलाबदल होते, तेवढा अपवाद सोडला तर हे गणित चुकत नाही.

पण आज पाच मुलं कुणाला असतात? एक भावंड असलं तर संधी शंभरात २५, दोन असली तर ४४. त्यातही ते भावंड स्वतः सिकल सेलचं रुग्ण, म्हणजे ‘एसएस’ असून चालत नाही. वाहक, म्हणजे ‘एएस’ असलं तर चालतं. सिकल सेलचं जनुक अकराव्या गुणसूत्रावर आहे, एचएलए सहाव्यावर, दोघांचा एकमेकांशी संबंध नाही. आई-बाप दोघेही वाहक असतील, तर एखादं भावंड जुळणारंही आणि रुग्ण नसलेलंही असण्याची शक्यता सोळात तीन. ही जुळणी तपासायला शिबिरात गालाच्या आतून कापसाची काडी फिरवून घेतात, दुखत नाही, मिनिटभरात संपतं. त्या काडीच्या निकालाची घरं कशी वाट बघत असतील, हे या आकड्यावरून समजावं.

निकाल ‘मॅच’ आला की पुढचं आणखी अचाट. आधी औषधांनी रुग्णाचा जुना मॅरो संपवतात. भावंडाला भूल देऊन कंबरेच्या हाडातून मॅरो काढतात, त्याची भर काही आठवड्यांत होते. दिसायला गडद रक्तासारखी ती पिशवी स्टँडला टांगतात आणि हाताच्या किंवा छातीच्या शिरेतून मॅरो आत सोडतात. हाडात कुणी काही भरत नाही! हाडातून झिरपणाऱ्या रासायनिक संकेतांचा माग काढत मॅरोतल्या रक्त घडवणाऱ्या मूळ पेशी आपण होऊन घर शोधतात. दोन-तीन आठवड्यांत नवं रक्त दिसू लागतं. रक्तगट जुळलेला नसला तरी चालतं, रुग्णाचा रक्तगटच बदलून दात्याचा होतो. भावाचा मॅरो घेतलेल्या बहिणीच्या रक्तपेशींत एक्स-वाय गुणसूत्रं सापडतात, गालातल्या पेशी मात्र तिच्या स्वतःच्याच.

भारतात पहिल्यांदा असं भावंडाचं प्रत्यारोपण झालं ते मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये, मार्च १९८३ मध्ये. रक्ताचा कॅन्सर झालेल्या नऊ वर्षांच्या मुलीवर ते केलं डॉ. सुरेश अडवाणी यांनी. पोलिओमुळे ते लहानपणापासून व्हीलचेअरवर.

भावंड जुळलंच नाही तर? एक भीती असते: बसवलेल्या परक्या किडनीला शरीर नाकारू शकतं, इथे आलेला मॅरोच शरीराला परकं ठरवून त्याच्यावर तुटून पडू शकतो. त्यावर अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्सच्या डॉक्टरांनी एक युक्ती रुळवली. अर्धा जुळणारा मॅरो द्यायचा आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी सायक्लोफॉस्फमाइड नावाचं जुनं कॅन्सरचं औषध. तोवर हल्ल्यासाठी चवताळलेल्या पेशी भराभर वाढू लागलेल्या असतात, त्या मरतात. मूळ पेशींकडे मात्र ते औषध निकामी करणारं विकर असतं, म्हणून त्या वाचतात. अर्धीच जुळणारी आई आता दाता होऊ शकते, बापही.