हिरवा बाण

कळंबोलीच्या स्टील मार्केटमधल्या एका ट्रान्सपोर्ट ऑफिसात मी नवा डॅशबोर्ड उघडला आणि मॅनेजरसाहेबांची नजर थेट वरच्या डाव्या कोपऱ्यात गेली. आजच्या फेऱ्या तिथेच असणार, हे त्यांना ठाऊक होतं. तळोज्याच्या शाखेचा डॅशबोर्ड ते वर्षभर वापरत होते; इथेही मी मांडणी तीच ठेवली होती.

आपल्या पनवेल तालुक्यात ठरलेल्या मांडणीची किंमत सातबाऱ्याने कधीच शिकवली आहे. गाव कुठलंही असो, वर नमुना ७, खाली नमुना १२. खातेदार, क्षेत्र, फेरफार, इतर हक्क, सगळं आपापल्या रकान्यात. म्हणून एरवी कागदाला बिचकणारे आजोबाही त्यावर नेमकं बोट ठेवतात.

डॅशबोर्डची मांडणीही अशीच ठरवून ठेवता येते. मी ज्यात डॅशबोर्ड बनवतो त्या पॉवर बीआय या सॉफ्टवेअरमध्ये रंग आणि फॉन्ट थीमच्या फाइलमध्ये साठवता येतात. तक्ते, सूत्रं आणि मांडणी टेम्प्लेटमध्ये. डेटा त्यात जात नाही, सांगाडा तेवढा राहतो. माझा सांगाडा हळूहळू घडला. तयार टेम्प्लेटमध्ये रक्कम 1,234,567 अशी दिसायची. आपल्याकडे ती १२,३४,५६७ अशी वाचतात. त्यात वर्ष जानेवारीत सुरू व्हायचं, आपले हिशेब एप्रिलपासून. मराठी महिन्यांच्या वेलांट्या आणि उकार कापले जायचे, म्हणून ओळींची उंची वाढवली. एकदा केलेली अशी दुरुस्ती पुढच्या प्रत्येक कामात आपोआप येते.

पण चूकही तशीच येते. फेऱ्या वाढल्या की हिरवा बाण वर जाईल, असा एक चौकोन मी केला होता. तोच उचलून डिझेलच्या खर्चाला लावला. महिनाभर खर्च चढत गेला आणि बाण हिरवाच राहिला. हिरवं दिसतंय म्हणून कुणी थांबून पाहिलं नाही. चूक माझी होती. चौकोनाबरोबर त्याचा अर्थही मी न तपासता उचलला होता.

आता माझ्या टेम्प्लेटमध्ये प्रत्येक आकड्यामागे एक रिकामा रकाना असतो: यात वाढ चांगली की घट? तो भरेपर्यंत बाण करडाच राहतो. बाकी सगळं मी तयार घेतो. हा रकाना मात्र दर वेळी त्या ऑफिसात बसून, काम करणाऱ्यांना विचारूनच भरतो.